पंक्चरचा डबा आणि वेगळी अगरबत्ती

जळगावच्या एका टायर-ट्यूबच्या सामानाच्या दुकानदाराने मला सात वर्षं फसवलं. मी त्याला फसवलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या घरात आणि धुळ्याला नणंदेच्या घरात ही गोष्ट उलटी सांगितली जाते, आणि सांगताना लोक पोट धरून हसतात.

मी गाऊन, परकर आणि लहान मुलांचे कपडे विकते. आता भाड्याचं का होईना, एक दुकान आहे. पण सुरुवात झाली ती जुन्या मोपेडवर मागेपुढे दोन बोचकी बांधून. जामनेर, यावल, सावदा, जिथे बाजार असेल तिथे. माल सुरतेचा, भाव माझा. कोणी भांडवल दिलं नाही, कोणी दुकान दाखवलं नाही. उलट पहिल्या वर्षी एका घरी दारात बोचकं उघडलं, तर म्हातारी सुनेला आतून म्हणाली, "सकाळी सकाळी फेरीवालीचं तोंड कशाला पाहतेस?" मी बोचकं परत बांधलं. ते वाक्य मात्र बांधून ठेवता आलं नाही, ते अजून सुटंच फिरतंय.

तर मोपेड. मोपेडवर धंदा करणाऱ्या माणसाचे दोन शत्रू, पाऊस आणि पंक्चर. पावसाला प्लॅस्टिकचा कागद आहे. पंक्चरला पंक्चरवाला होता, आणि तोच तिसरा शत्रू निघाला.

यावलच्या रस्त्याला एकदा मागचं चाक बसलं. चाकात खिळा होता, मी स्वतः बघितला. ढकलत ढकलत एका टपरीपर्यंत गेले. तिथल्या माणसाने ट्यूब बाहेर काढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवली. एक बुडबुडा आला. मग त्याने ट्यूब हाताने फिरवली, आणखी एक बुडबुडा. आणखी फिरवली, तिसरा.

"तीन पंक्चर, ताई."

"खिळा एक आणि भोकं तीन?"

"खिळा फिरतो ना आत."

मी त्याचा हात धरला. अंगठ्याखाली दाभणाचं टोक होतं. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या उसाच्या रसवंतीचा बैलसुद्धा थांबला. पंक्चरवाला मात्र शांत. ट्यूब माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मग तुम्हीच करून घ्या."

त्याला वाटलं टोमणा मारला. मी सल्ला म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावात टायरच्या सामानाचं दुकान गाठलं. दहा वाजले असतील. शेठ गादीवर बसले होते, देवाच्या फोटोपुढे अगरबत्ती जळत होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी ओळखलं, बोहनी व्हायची आहे. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कोणताही शेठ परत पाठवत नाही. ते रिकाम्या हाताने गेलं तर दिवस खराब जातो असं सगळे मानतात. ज्याला हे माहीत आहे, त्याने सकाळी खरेदी करावी आणि घाई करू नये.

मी सगळं सामान काउंटरवर काढायला लावलं. टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या, पायाने दाबायचा पंप, व्हॉल्व्ह खोलायची चावी, पॉलिश पेपर, रबराची ठिगळं आणि सोल्यूशनच्या ट्यूब. सोल्यूशन दोन प्रकारचं होतं. एक छापील किमतीचं, चकचकीत. दुसरं साधं, ट्यूबवर ना किंमत ना कंपनीचं धड नाव. मी दुसरं घेतलं. छापील किंमत म्हणजे बोलणंच बंद. मला अशी वस्तू आवडत नाही जी आधीच बोलून मोकळी झालेली असते.

शेठने आकडा सांगितला. मी निम्मा केला. ते हसले. मी नाही हसले. त्यांनी थोडं कमी केलं. मी पिशवी उचलली, पायरीपर्यंत गेले, आणि वळून म्हणाले, "बोहनीची वेळ आहे शेठ. मला परत पाठवून बघा."

शेठचा चेहरा पडला. निदान मला पडलेला दिसला. देवाकडे बघितलं, अगरबत्तीकडे बघितलं, मोठा श्वास घेतला. "या अक्का. घ्या. लक्ष्मीला परत कसं पाठवू?" पैसे घेतले, कपाळाला लावले, आणि ड्रॉवरमध्ये टाकताना म्हणाले, "तुमच्या हाताची बोहनी झाली. बघा, आज दिवस सोन्याचा जातो."

फेरीवालीचं तोंड म्हणणारी म्हातारी त्या क्षणी माझ्यासमोर उभी असती, तर मी तिला दोन गाऊन फुकट दिले असते.

त्या दिवसापासून मी हातगुणाची बाई झाले. शेठच तसं म्हणत. महिन्या-दोन महिन्यांनी मी जायची. धंद्यामुळे दहाच्या आधी पोचणं जमायचं नाही. पण नशीब बघा, दर वेळी बोहनी व्हायचीच असायची. अगरबत्ती नुकती लावलेली, धूर सरळ वर. "देवासारख्या आलात अक्का, सकाळपासून कुत्रं फिरकलं नाही." मग ते भाव सांगायचे, मी पाडायची, पायरीपर्यंत जायची, वळायची. शेठ कपाळाला हात लावायचे. "तुम्ही मला बुडवणार." हे वाक्य ऐकलं की मला जेवण गोड लागायचं.

पंक्चर काढायला मी अशी शिकले की गल्लीतले लोक सायकली घेऊन यायला लागले. डबा फरसाणाचा, पाच किलोचा. त्यात सगळं जागच्या जागी. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडा आला की तिथे खडूची खूण करायची, पुसून कोरडी करायची, पॉलिश पेपरने घासायची. मग सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. इथे सगळे चुकतात. ओल्यावरच ठिगळ दाबतात आणि दोन किलोमीटरवर परत बसतात. सोल्यूशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ लावायचं आणि हातोडीने हलकं ठोकायचं. माझे यजमान एसटीच्या ऑफिसात कारकून आहेत, फार बोलत नाहीत. ते एकदा म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, तुला थांबताना मी फक्त सोल्यूशन सुकेपर्यंतच बघितलंय."

गल्लीत कोणाला कुलर घ्यायचा असो की शिलाई मशीन, लोक मला सोबत नेऊ लागले. एकीने तर नव्या गिरणीत पहिला पसाभर गहू माझ्या हाताने टाकून घेतला. हातगुण आहे म्हणून. मी नाही म्हटलं नाही. सात वर्षांत जे कमावलं त्यात दुकान भाड्याचं आहे. ही एकच गोष्ट माझ्या मालकीची होती.

आता धुळे.

माझी मोठी नणंद धुळ्याला राहते. स्वभावाने फार चांगली, पण खरेदीत अगदी गाय. दुकानदार जे मागेल ते देते, वर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करून येते. मी दर दिवाळीला तिला सांगायची, "ताई, तुम्ही धुळ्याची माणसं लुटली जाता. आम्हाला बघा. सोल्यूशनची ट्यूब पन्नासची, मी पस्तीसला आणते." ती म्हणायची, "तुन्ही गोट येगळी शे वहिनी." मी ते कौतुक समजायची.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने धुळ्याला गेले. डबा सोबत होता, तो नेहमीच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेची मोपेड अंगणात बसलेली. तिने फोन उचलला पंक्चरवाल्याला बोलवायला. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"ताई, घरात मी असताना?"

अंगणात शेजारच्या चारपाच बायका जमल्या. कोणी म्हणालं, बाईमाणूस टायर काढते? मी साडी खोचली. दोन पट्ट्या घातल्या, टायरची कड सटासट बाहेर. ट्यूब ओढली, हवा भरली, घमेल्यात बुडवली, बुडबुडा सापडला. एकच होता, हे मी सगळ्यांना दाखवलं. घासली. मग सोल्यूशनची ट्यूब उघडली आणि दाबली.

काही आलं नाही. जोरात दाबली. फुस्स करून वारा आला. आतलं सगळं वाळून खडा झालं होतं. टोपण मी घट्ट लावलं होतं, हेही इथे लिहून ठेवते. दुसरी ट्यूब काढली, तीही तशीच.

नणंद पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "वहिनी, तुन्हा डबामा बठ्ठं शे. फक्त कामनं काईच नई."

बठ्ठं म्हणजे सगळं. बायका हसल्या. मी म्हणाले, "चला ताई, दुकान दाखवा. भाव मी करते, तुम्ही फक्त बघा."

साडेदहा वाजले होते. दुकान मोठं नव्हतं. मालक चष्मा लावून कसलीतरी यादी करत होते. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "भाऊ, बोहनी झाली का?"

"केव्हाच झाली, अक्का. आठलाच."

असं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलं नव्हतं. पुढचं वाक्य ओठांवर होतं ते परत गिळावं लागलं. मी सोल्यूशन मागितलं. त्यांनी तीच, बिनकिमतीची साधी ट्यूब पुढे केली.

"कितीला?"

"तीस."

नणंद माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "नकली असेल."

"उघडून बघा. हीच सगळीकडे जाते. जळगावला, भुसावळला, तीसच."

"जळगावला पन्नास आहे. मी पस्तीसला घेते. बोहनीला."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे नीट बघितलं. "कुठल्या दुकानातून?" मी अभिमानाने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कपडे विकता का? गाऊन वगैरे?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

ते मागच्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अगं, बाहेर ये लवकर! त्या जळगावच्या अक्का आल्यात. अगरबत्तीवाल्या!"

आतून त्यांची बायको कणकेच्या हातांनी धावत आली. पदराने तोंड झाकून मला बघायला लागली, जशी सर्कस बघतात. मला काही कळेना. मग मालकांनी सांगितलं. जळगावचे शेठ त्यांचे साडू. दोघं लग्नकार्यात भेटले की शेठ हमखास एक किस्सा सांगतात. जळगावात एक अक्का आहेत, बोहनीचा धाक घालून भाव पाडतात. म्हणून शेठने त्यांच्यासाठी अगरबत्तीचा एक वेगळा पुडा गल्ल्याच्या मागे ठेवलाय. समोरून मोपेड येताना दिसली की एक काडी लावायची आणि चेहरा पाडून बसायचं.

"साडू म्हणतात," ते डोळे पुसत म्हणाले, "पुड्याचा खर्च धरूनच भाव सांगतो."

मी ट्यूब उचलून पिशवीत टाकली. नणंदेने तीस रुपये दिले, त्यांच्या नातवाची चौकशी केली आणि माझा हात धरून बाहेर आली. दुकानात ती हसली नाही, एवढं तिचं मोठेपण. वाटेत मात्र किराण्याच्या दुकानापाशी थांबली आणि अगरबत्तीचा पुडा घेतला. मी ठिगळ लावलं, टायर बसवलं, हवा भरली. चाक दगडासारखं टणक झालं. तेव्हा तिने मोपेडच्या हँडलला एक काडी खोचून पेटवली आणि हात जोडले. तोवर लग्नातले सगळे पाहुणे अंगणात आले होते.

मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. जळगावला परतल्यावर एक दिवस धंदा बंद ठेवला आणि आठ वाजता शेठच्या दुकानासमोर चहाच्या गाडीआड उभी राहिले. शेठने शटर उघडलं, पाणी शिंपडलं, अगरबत्ती लावली. पहिलं गिऱ्हाईक केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर. पैसे कपाळाला लागले. मग एक रिक्षावाला, मग दोघे शेतकरी ट्रॅक्टरची ट्यूब घ्यायला. पैसे सरळ ड्रॉवरमध्ये. पावणेदहापर्यंत मी नऊ गिऱ्हाइकं मोजली आणि चार चहा प्यायले. मग पलीकडच्या वळणावर ठेवलेली मोपेड चालू केली आणि समोरून आले.

माझ्या डोळ्यांदेखत शेठचा हात गल्ल्याच्या मागे गेला. काडी पेटली. चेहरा पडला.

"या अक्का! देवासारख्या आलात. सकाळपासून कुत्रं फिरकलं नाही."

"नऊ कुत्री फिरकली," मी म्हणाले. "एक ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन गेलं."

शेठने काडी विझवली नाही. ती हातातच जळत राहिली. मी जे बोलले त्याने चहावाला गाडी सोडून आला. देवाची खोटी साक्ष, विश्वासघात, सात वर्षं, साडू, सगळं. शेठने पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "अक्का, पहिल्या दिवशी माझ्या देवाचा धाक मला कोणी घातला? मी म्हटलं, बाईला हा खेळ आवडतो, तर रोज खेळू."

"आणि जास्तीचे पैसे?"

"तीस सांगितले असते तर तुम्ही पंधरा म्हणाला असता, आणि पायरीवरून खरंच निघून गेला असता. तुम्ही ट्यूब न्यायला कधी आलात? जिंकायला यायचात. जिंकणं पाच रुपयांत कुठे मिळतं, सांगा."

चहावाला म्हणाला, "बरोबर शे भाऊनं." मी त्या दिवसापासून त्याचा चहा सोडला.

घरी येऊन यजमानांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "जामनेरच्या बाजारात दुपारी चार वाजता तूही म्हणतेस ना, ताई बोहनी आहे म्हणून या भावात देते?"

म्हणते. का नाही म्हणणार? धंदा आहे. पण मी अगरबत्ती लावत नाही. बोलणं हे बोलणं असतं, ते ऐकणाऱ्याने तोलून घ्यावं. धूर करून देवाला मध्ये घालणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. यजमानांशी आठ दिवस घातला नाही.

शेठकडे जाणं मी थांबवलं. डब्यातलं सोल्यूशन संपलं, नवीन आणलं नाही. मग सावद्याहून येताना चाक बसलं आणि मला टपरीवर जावं लागलं. पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यात बुडवली, हाताने फिरवली आणि म्हणाला, "तीन आहेत, अक्का." मी पैसे देऊन टाकले. भांडले नाही. तेव्हा मला कळलं की आपलं किती नुकसान झालंय.

पाच-पाच रुपयांचं मला काही नाही. ते मी परकराच्या नाडीतून वसूल केलेत. पण गल्लीत आता कोणी कुलर घ्यायला मला नेत नाही. गिरणीवाली भेटली की गालात हसते. आणि पहाटे बोचकं बांधताना मला त्या म्हातारीचा आवाज परत ऐकू यायला लागलाय, तो मधे सात वर्षं बंद होता.

म्हणून मला शेठकडून एकच उत्तर हवंय. बाकीच्या सगळ्या सकाळी खोट्या होत्या, मान्य. पण पहिल्या दिवशी मी पायरी चढले तेव्हा अगरबत्ती आधीच जळत होती. मी येणार हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि वेगळा पुडाही नव्हता. त्या दिवशी बोहनी माझ्या हाताची होती की नव्हती? आणि तो दिवस कसा गेला? तुम्हाला आठवतं, तुम्ही कोणतंही गिऱ्हाईक विसरत नाही. दुकान उघडं असताना, चहावाल्यासमोर, आणि हात गल्ल्याच्या मागे न नेता सांगा. मी सकाळी आठला येईन.